डोळ्याच्या पडद्यांना नावे देणारा हुनैन

रमजान सुरू झाला की ‘नुजूल’ हा शब्द वारंवार कानावर येतो. कुरआन उतरण्यास या महिन्यात प्रारंभ झाला, म्हणून हा नुजूल-ए-कुरआनचा महिना. नुजूल म्हणजे उतरणे. अरबीत या शब्दाच्या मुळाशी नून, जे आणि लाम ही तीन अक्षरे आहेत. या तीन अक्षरांचे कुटुंब फार मोठे आहे आणि त्यातली बरीच मंडळी आपल्या घरात रोज वावरतात. थंडीत नाक वाहू लागले की उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘नजला झाला’ म्हणतात, कारण डोक्यातला द्रव खाली उतरतो अशी जुन्या वैद्यकाची समजूत होती. मोतीबिंदूला हकीम ‘नुजूल-उल-मा’ म्हणत, म्हणजे पाणी उतरणे. प्रवासी जिथे घोड्यावरून उतरतो ती मंजिल. तिच्यावरूनच मराठीत लोक मजल-दरमजल करीत निघाले, आणि इमारतीचा मजलाही त्याच कुळातला.

आता ग्रीक भाषेकडे पाहा. सर्दीला डॉक्टर लोक ‘कॅटार’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खाली वाहणे. नजल्याचा अर्थही तोच. ग्रीक वैद्यकाचा ग्रंथ समोर ठेवून, त्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ उकलून, त्याला अरबीच्या मुळाक्षरांत घर देणारी माणसे होती. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये या मंडळींचा म्होरक्या होता हुनैन इब्न इसहाक. विज्ञानाच्या इतिहासात हे नाव मोठे आहे. आपल्याकडे मात्र इब्न सीनाचे नाव घेणाऱ्यांनाही ते फारसे आठवत नाही, आणि इब्न सीना ज्या शब्दांत लिहीत होता त्यांतले कितीतरी हुनैन यांच्या हाताखालून आलेले आहेत.

हुनैन यांचा जन्म इ.स. ८०९ च्या सुमारास हीरा या गावी झाला. इराकमधल्या कूफा शहराशेजारचे हे प्राचीन गाव. खलिफा हारून अल-रशीद ज्या वर्षी वारले, तेच हे वर्ष. हुनैन यांचे घराणे ‘इबाद’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती अरबांचे. वडील इसहाक औषधे विकत. बाजारात अरबी आणि चर्चमध्ये सुरयानी, अशा दोन भाषा या मुलाच्या कानावर लहानपणापासून पडल्या. या दोन्ही भाषा एकाच सामी कुळातल्या, दोन्हींत शब्द तीन मुळाक्षरांवर उभा राहतो. पुढे हेच भांडवल त्यांना आयुष्यभर पुरले.

वैद्यक शिकायला हा मुलगा बगदादला यूहन्ना इब्न मासवैह यांच्याकडे गेला. यूहन्ना मोठे वैद्य, जुन्दीशापूरच्या वैद्य परंपरेतले आणि जिभेचे तिखट. हुनैन प्रश्न फार विचारी. एके दिवशी गुरूंचा तोल सुटला. हीरावाल्यांनी नाणी मोडून द्यावीत, वैद्यक हे त्यांचे काम नव्हे, अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्यांनी शिष्याला घालवून दिले. हीराचे लोक सराफी करत, त्याचा हा टोमणा. हुनैन रडत बाहेर पडले, असे चरित्रकार सांगतात. शिक्षकी पेशातल्या माणसाला हा प्रसंग वाचताना अवघडल्यासारखे होते. फार प्रश्न विचारणारा विद्यार्थी आम्हा सर्वांच्या वर्गात असतो आणि त्याला गप्प करण्याचे मार्ग आम्हा सर्वांना ठाऊक असतात.

त्यानंतर काही वर्षे हुनैन दिसेनासे झाले. मग त्यांना ओळखणाऱ्या एका गृहस्थाला बगदादमधल्या एका घरात लांब केस वाढवलेला एक तरुण येरझाऱ्या घालत होमरच्या ग्रीक ओळी म्हणताना दिसला. आवाज ओळखीचा वाटला. तो हुनैन होता. ग्रीक पक्की आल्याशिवाय वैद्यकाला हात लावायचा नाही असा त्याने निश्चय केला होता, आणि हे गुपित कुणाला सांगू नये अशी त्याने त्या गृहस्थाला गळ घातली. पुढे खलिफाचे वैद्य जिब्रील इब्न बख्तीशू यांनी या पोराचे भाषांतर पाहिले आणि सुरयानीत गुरूला करतात त्या आदराच्या संबोधनाने त्याला हाक मारू लागले. तेव्हा त्याचे वय सतराच्या आसपास होते. ती पाने यूहन्नांच्या हाती गेली तेव्हा त्यांनीच समेटासाठी निरोप धाडला. हुनैन गेले, मागचे काढले नाही, आणि नंतर यूहन्नांसाठीही त्यांनी पुस्तके अनुवादित केली.

खलिफा मामून यांच्या काळात बगदादला ग्रीक ग्रंथांची ओढ लागली होती. बनू मूसा हे तीन गणिती भाऊ हुनैन आणि त्यांच्या सोबत्यांसह अनुवादकांना पूर्णवेळ कामासाठी महिन्याला सुमारे ५०० दीनार देत. अनुवादाच्या वजनाइतके सोने मिळे अशीही एक कथा आहे. तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न अबी उसैबिआ यांनी तर त्या काळच्या प्रती आपण पाहिल्याचे सांगितले आहे. कागद जाडजूड, अक्षर ठळक, ओळी विरळ. वजन वाढवण्याची ही युक्ती असावी, असे त्यांना वाटले. कथा खरी असो वा नसो, पानामागे पैसे घेणाऱ्या आजच्या अनुवादकाला ती ओळखीची वाटेल.

पण हुनैन यांचा खरा कस वेगळ्या ठिकाणी दिसतो. जालिनूस, म्हणजे गॅलन, याचा वैद्यकातल्या पंथांवरचा एक ग्रंथ त्यांनी विसाव्या वर्षी एका सदोष ग्रीक प्रतीवरून सुरयानीत आणला होता. चाळिशीत त्यांच्या भाच्याने, हुबैशने, तो सुधारून मागितला. तोवर त्याच ग्रंथाच्या अनेक ग्रीक प्रती त्यांच्याकडे जमल्या होत्या. त्यांनी सगळ्या प्रती शेजारी ठेवल्या, ओळीला ओळ ताडून एक शुद्ध ग्रीक पाठ तयार केला आणि मग त्यावरून जुने भाषांतर पुन्हा तपासले. संहिता ठरवण्याची जी पद्धत आज विद्यापीठांत शिकवतात ती हीच. गॅलनच्या तर्कशास्त्रावरच्या एका ग्रंथासाठी ते इराक, शाम, फलस्तीन आणि मिसर पालथे घालत थेट इस्कंदरियापर्यंत गेले. दमिश्कमध्ये त्यातला जेमतेम अर्धा हाती लागला, तोही विस्कळीत.

त्यांच्या आधीचे काही अनुवादक ग्रीक शब्दाखाली अरबी शब्द ठेवत जात. अरबी शब्द सापडला नाही की ग्रीक शब्द तसाच अरबी अक्षरांत लिहीत. हुनैन पूर्ण वाक्य वाचत, ते मनात उतरू देत आणि मग अरबी वाक्य लिहीत. ग्रीक शब्दांशी त्यांचे वैर नव्हते. कफासाठीचा ‘बलगम’, पोटशूळासाठीचा ‘कूलंज’, उदासीच्या आजारासाठीचा ‘मालिखूलिया’ हे अरबीत रुळलेले ग्रीक पाहुणेच आहेत. यांतल्या शेवटच्या शब्दात ‘खोले’ म्हणजे पित्त हे ग्रीक मूळ दडले आहे. तेच कॉलऱ्यात आहे आणि तेच रक्ततपासणीच्या कागदावरल्या कोलेस्टेरॉलमध्ये. पण जिथे ग्रीक शब्द हा एखाद्या वस्तूशी दिलेला दृष्टांत असेल, तिथे तो दृष्टांत अरबीत आणायचा. हे कसे चालते याचा उत्तम नमुना म्हणजे डोळा.

डोळ्यावर हुनैन यांनी दहा प्रकरणे लिहिली, सुमारे तीस वर्षांच्या काळात, एकेक करून. नेत्रवैद्यकाचे हे सर्वांत जुने उपलब्ध पद्धतशीर पाठ्यपुस्तक मानतात. ग्रीकांनी डोळ्याच्या थरांना ‘अमक्यासारखा’ अशी नावे दिली होती. सर्वांत पुढचा पारदर्शक थर शिंगासारखा. शिंगाचा पातळ पापुद्रा तासला तर तो चिवट असतो आणि त्यातून उजेडही पार होतो, म्हणून. अरबीत शिंग म्हणजे कर्न, म्हणून हा थर झाला कर्निया. त्यामागचा रंगीत थर द्राक्षाच्या सालीसारखा. देठ उपटलेले काळे द्राक्ष डोळ्यांसमोर आणा, देठाच्या जागी जे भोक राहते तीच डोळ्यातली बाहुली. द्राक्ष म्हणजे इनब, म्हणून इनबिया. ज्या थरात रक्तवाहिन्या दाट, तो गर्भाच्या वेष्टनासारखा. ते वेष्टन म्हणजे मशीमा, म्हणून मशीमिया. काचेसारखा द्रव जुजाजिया, गोठलेल्या पाण्यासारखे भिंग जलीदिया, कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम आवरण अनकबूतिया. आणि सर्वांत आतला थर शबकिया, कारण शबका म्हणजे जाळे.

बाहुलीचा उल्लेख आला म्हणून एक आडवाट. ग्रीकमध्ये डोळ्यातल्या त्या काळ्या बिंदूला मुलगी म्हणतात, लॅटिनमध्ये छोटी बाहुली, अरबीत डोळ्यातला माणूस. समोरच्याच्या डोळ्यात डोकावले की आपलेच इवलेसे रूप दिसते, ते पाहून या सगळ्यांना हे सुचले असावे. मराठीने बाहुली हे नाव कुणाला विचारून ठेवले नसेल.

हे शब्द नुसते गोड नाहीत, ते स्वतःची व्याख्या सोबत घेऊन फिरतात. कर्न ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला कर्निया पाठ करावे लागत नाही. पण दृष्टांत एका भाषेतून दुसरीत जाताना थोडा सरकतो, हेही खरे. ग्रीकांच्या मनात होते ते मच्छीमाराचे फेकायचे जाळे, आपल्या कोकणात ज्याला पाग म्हणतात ते. भोवतीने पडते आणि पिशवीसारखे वेढून घेते. मुद्दा त्या वेढ्याचा होता. अरबी शबकामध्ये विणीचा, छिद्राछिद्रांचा अर्थ पुढे आला. लॅटिन अनुवादकांनी त्याच जाळ्यावरून ‘रेटिना’ बनवले आणि पुढच्या पिढ्या रेटिनात जाळीदार वीण शोधत राहिल्या. कर्नियाची ‘कॉर्निया’ झाली आणि इनबियाची ‘युव्हिया’, तीही लॅटिन द्राक्षावरून.

हुनैन ज्या विद्येत वाढले तिच्यानुसार पाहण्याचे काम भिंग करते. त्यांच्या ग्रंथात भिंग डोळ्याच्या अगदी मधोमध आहे. दोन्ही गोष्टी चूक होत्या. प्रतिमा रेटिनावर उमटते हे केप्लरने १६०४ मध्ये मांडले. हुनैन यांनी थरांना कामावरून नावे दिली असती तर ‘दृष्टीचा थर’ हे नाव भिंगाला मिळाले असते आणि आठशे वर्षांनी ते फेकून द्यावे लागले असते. जाळे, शिंग, द्राक्ष ही नावे दिसण्यावरून दिलेली. सिद्धांत कोसळला तरी नावांना ओरखडा गेला नाही. उलट नजला आणि नुजूल-उल-मा ही कारणावरून दिलेली नावे. मेंदूतून सर्दी उतरत नाही आणि मोतीबिंदू म्हणजे उतरलेले पाणी नव्हे, तर गढूळ झालेले भिंग, हे आता ठाऊक आहे. तिथे शब्द उरला आहे, व्याख्या गेली आहे. युरोपची गतही निराळी नाही. अकराव्या शतकात अरबीतले हे उतरणारे पाणी लॅटिनमध्ये नेताना अनुवादकाने धबधब्याचा शब्द उचलला, त्याचे आजचे रूप कॅटरॅक्ट. मराठीचा मोतीबिंदू मात्र दिसण्यावर बेतलेला, म्हणून तो निर्धास्त आहे. रेटिनाला आपण दृष्टिपटल म्हणतो, ते कामावरून. केप्लरनंतर नाव ठेवण्याचा हा फायदा.

विद्यार्थ्यांसाठी हुनैन यांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक वैद्यकप्रवेश लिहिला. त्यांच्या हातून तो अपुरा राहिला, हुबैशने पुरा केला. वैद्यकाचे भाग किती, तर दोन, नजर आणि अमल. इथे नजर म्हणजे उपपत्ती. ग्रीक ‘थिअरी’ हा शब्दही पाहण्यावरूनच निघाला आहे आणि उर्दूत मताला आपण नजरिया म्हणतो. मिजाज म्हणजे उष्ण, थंड, ओले, कोरडे यांचे शरीरातले मिश्रण. हाच शब्द मराठीत येऊन मिजास झाला, म्हणजे मिश्रणातली फक्त उष्णता आपण ठेवून घेतली! अशा शब्दांत एक फसगतही असते. तबीब आणि तबियत ही भावंडे वाटतात, पण एकाच्या शेवटी बे आहे, दुसऱ्याच्या ऐन, घराणी वेगळी. नजर आणि नजराणा यांतले ‘ज’ देवनागरीत सारखेच दिसतात, अरबीत पहिला जोय आणि दुसरा जाल. पहिल्याचा संबंध पाहण्याशी, दुसऱ्याचा नवसाशी आणि भेटीशी. उर्दू आणि मराठी अशा दोन्ही लिप्यांत रोज लिहिणाऱ्याला हे खटकत राहते. नुसत्या ध्वनीवरून शब्दाचे कूळ लावू नये हे हुनैन यांच्या शिष्यांना पहिल्याच वर्षी कळत असणार.

खलिफा मुतवक्किल यांनी हुनैन यांना आपले प्रमुख वैद्य नेमले. त्याआधी त्यांची परीक्षा घेतली गेली. शत्रूला देण्यासाठी विष तयार कर, असे खलिफांनी सांगितले आणि मोठे इनाम कबूल केले. हुनैन यांनी आपण फक्त उपकारक औषधे शिकलो असे सांगून नकार दिला. वर्षभर किल्ल्यात कैद झाली. तिथेही ते भाषांतर करत राहिले. वर्षानंतर पुन्हा समोर उभे केले, एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला तलवार. उत्तर तेच. मग खलिफांनी कारण विचारले. हुनैन यांनी दोन कारणे दिली. एक त्यांचा धर्म, जो शत्रूचेही भले करायला सांगतो, आणि दुसरा त्यांचा पेशा, ज्यात जीव घेणारे औषध न देण्याची शपथ असते. बुकरातच्या त्या शपथेवरचे गॅलनचे भाष्य त्यांनी स्वतः सुरयानीत आणले होते. शब्दाचा नेमका अर्थ लावण्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाने त्यातल्या एका शब्दापायी वर्षभर अंधार सोसला, हे मला त्यांच्या सगळ्या ग्रंथांइतकेच मोलाचे वाटते.

दरबारातल्या यशाने मत्सरही आणला. त्यांच्या नावावर असलेल्या एका पत्रात ती हकीकत आहे. हेवा करणारे वैद्य त्यांच्याच धर्माचे होते. मरियम आणि येशू यांच्या चित्रावरून त्यांनी सापळा रचला, हुनैन त्यात सापडले. त्यांच्याच धर्मगुरूंनी त्यांना दोषी ठरवले, फटके बसले, कैद झाली, मालमत्ता जप्त झाली. काही महिन्यांनी खलिफांची मर्जी फिरली आणि सुटका झाली.

जन्मभर गोळा केलेली ग्रंथसंपदाही त्यांच्या हातून गेली. इ.स. ८५६ च्या सुमारास अली इब्न यहया या मित्राने गॅलनच्या अनुवादित ग्रंथांची यादी मागितली तेव्हा जवळ एकही पुस्तक नव्हते. हुनैन यांनी आठवणीतून यादी लिहिली. १२९ ग्रंथ. प्रत्येकाखाली त्यात काय आहे, कुणी कोणत्या भाषेत आणला, कुणासाठी आणला, प्रत कशी होती, आधीचे भाषांतर चांगले की वाईट, सगळे. इतरांच्या चुका त्यांनी झाकल्या नाहीत, स्वतःच्या तरुणपणीच्याही नाहीत. या यादीनुसार त्यांचे स्वतःचे सुरयानी अनुवाद शंभराच्या जवळ जातात आणि अरबी चाळीसच्या आसपास. सुरयानी ख्रिस्ती वैद्यांसाठी, अरबी बहुतेक मुस्लिम आश्रयदात्यांसाठी.

या कामाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. हैदराबादच्या निजामी राज्यात, ज्यात तेव्हा मराठवाडाही होता, १९१७ मध्ये अनुवादासाठी दारुत्तर्जुमा निघाला आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून आधुनिक शास्त्रे शिकवली जाऊ लागली, वैद्यकही. तिथल्या वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा कशी घडवावी यावर ‘वज्-ए-इस्तिलाहात’ लिहिले आणि ते १९२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून अंजुमन तरक्की-ए-उर्दूने काढले. हजार वर्षांपूर्वीचा तोच पेच होता. परका शब्द तसाच घ्यायचा, की त्याचा अर्थ आपल्या मुळांत रुजवायचा? पुढे मराठीसाठी भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, तेव्हाही हाच प्रश्न समोर असणार. युनानी महाविद्यालयांत विद्यार्थी आजही कर्निया, शबकिया, इनबिया म्हणतात. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी कॉर्निया, रेटिना, युव्हिया म्हणतो. दोघे एकच शिंग, एकच जाळे आणि एकच द्राक्ष हातात धरून आहेत आणि बहुधा दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

इ.स. ८७३ मध्ये हुनैन यांचे निधन झाले. मुलगा इसहाक आणि भाचा हुबैश यांनी काम चालू ठेवले. इसहाकने उक्लिदसची भूमिती आणि अरस्तूचे ग्रंथ अरबीत आणले. हुबैशचे कितीतरी अनुवाद हुनैन यांच्या नावावर चढले. दोन्ही नावे अरबीत ठिपके गाळून लिहिली तर जवळपास सारखी दिसतात, नकलनविसांनी घोळ केला.

हुनैन यांच्या स्वतःच्या नावाचेही हाल झाले. त्यांचा वैद्यकप्रवेश लॅटिनमध्ये ‘योहानिटियस’ या नावाने गेला आणि युरोपातल्या विद्यापीठांत शतकानुशतके वैद्यकाच्या विद्यार्थ्याचे पहिले पुस्तक ठरला. डोळ्याचा ग्रंथ अकराव्या शतकात मूळच्या उत्तर आफ्रिकेतल्या कॉन्स्टंटाइनने इटलीत लॅटिनमध्ये आणला, पण लेखक म्हणून हुनैन यांचे नाव त्यावर आले नाही. तो कॉन्स्टंटाइनचाच म्हणून वाचला गेला. १२९ ग्रंथांची ती यादी इस्तंबूलच्या एका हस्तलिखितातून १९२५ मध्ये छापली गेली. डोळ्याची दहा प्रकरणे १९२८ मध्ये कैरोत प्रसिद्ध झाली. संपादक होते माक्स मायरहोफ, पेशाने डोळ्यांचे डॉक्टर. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव होते हुनैन इब्न इसहाक.